तांबडं पिल्लू आरवलं तेव्हा

मंगळावरच्या वस्तीकडे निघणाऱ्या यानात कोणत्या कोंबड्या बसणार, हे ठरवायचा मान केतकीच्या शाळेला मिळाला होता. केतकीने छातीठोकपणे आपल्या तांबडीच्या पिल्लांची शिफारस केली. जवळजवळ रोज अंडं देणारी अशी कोंबडी शोधून सापडायची नाही! तांबडीची अंडी तिने खुडूक गावठी कोंबडीखाली उबवायला ठेवली आणि निघालेली तांबडी पिल्लं 'सगळ्या कोंबड्याच' म्हणून वेगळी ठेवली. तांबडी आणि तिचा पांढरा भाऊ ज्या उबवणकेंद्रातून आले, तिथला नियमच तसा होता: पिल्लू तांबडं असलं की कोंबडी, पांढरं असलं की कोंबडा.

आणि आज त्यातलं एक तांबडं चक्क आरवलं!

यान परवा निघणार होतं. ती धावत विभाआत्याकडे गेली. आत्या कोंबड्यांच्या आनुवंशिकतेची शास्त्रज्ञ.

"आत्या, खाण तशी माती म्हणतात ना? मग हे काय?"

"खाण एकच असेल तर गं!" आत्या हसली. "तुझ्या तांबडीचा बाप तांबड्या जातीचा, आई पांढऱ्या जातीची. ती संकरित (दोन वेगळ्या वाणांच्या जोडीपासून झालेली). तुझा रंगाचा नियम त्या जोडीच्या पिल्लांपुरताच."

"आणि तिची स्वतःची पिल्लं?"

"तांबडीने आणि तिच्या पांढऱ्या भावाने आपली जनुकं (आईबापांकडून आलेल्या गुणांच्या सूचना) पत्त्यांसारखी पिसून वाटली. कुणाला कुठलं पान येईल, नेम नाही. रंगाचा नाही, अंड्यांचाही नाही. तिच्या आईबापांची आहे तशी प्रमाणित जात मात्र पिढ्यानपिढ्या निवडून एकसारखी केलेली. तिच्याकडची बहुतेक पानं सारखीच. कितीही पिसा, पिल्लं आईबापांवरच जातात. अंडी थोडी कमी, पण भरवशाची."

"म्हणजे माझी तांबडी नापास?" केतकीने विचारलं.

"छे! अंड्यांत तिचा हात कोण धरणार? पण मंगळावर उबवणकेंद्र नाही. तिथे पुढची पिल्लं नेलेल्या कोंबड्यांपासूनच व्हायची."

केतकी ताडकन उठली. "तिच्या आईबापांच्या दोन्ही जाती पाठवू! खुराडी वेगवेगळी. दोन्ही जाती तशाच टिकतील, आणि तांबडी हवी असेल तेव्हा तिथली मुलं जोडी लावतील."

"शाब्बास! हे मला सुचायला हवं होतं."

यान गेलं, तेव्हा केतकी तांबडीला कुशीत घेऊन उभी होती. वाईट वाटत होतं आणि अभिमानही.

"मंगळावर पहिली तांबडी जन्मेल ना," ती तिच्या कानाशी म्हणाली, "ती तुझी लेक नसेल हं. तुझी बहीण असेल."