रस्त्यावरचं ठिगळ

सासूबाईंना काही हवं असलं की त्या हाक मारत नसत, काठी आपटत. हॉस्पिटलमधून आणलेली चार पायांची काठी होती ती. खाली रबरी बुटं, मधे उंची कमीजास्त करायला भोकं आणि एक खिटी. मांडीचं हाड मोडून, आत सळई घालून बाई घरी आल्या, तेव्हापासून त्या काठीनं एक पाऊल म्हणून टाकलं नव्हतं. आपटून आपटून तिचा एक पाय मात्र बाहेरच्या बाजूला फेंगडा झाला होता.

"डॉक्टर म्हणतात चाला," सून म्हणायची.

"डॉक्टरला म्हणावं, ये आणि माझ्या पायांनी तूच चालून दाखव."

डॉक्टरांनी सुनेला दाराबाहेर नेऊन आणखीही काही सांगितलं होतं. हाड जुळलंय. आता उठल्या नाहीत तर पाय कायमचे जातील आणि पायांमागोमाग बाकीचंही फार दिवस टिकायचं नाही. सासूबाईंना हे कुणी सांगायची गरज नव्हती. पण पुन्हा पडायची भीती वाटते हे तोंडानं कबूल करण्यापेक्षा ती बाई पडल्या पडल्या संपली असती. तळमजल्याच्या खिडकीतून त्यांना रस्त्यापलीकडचं आपलं शिवणाचं दुकान दिसायचं. दाराला कुलूप, काचेआड बिनडोक्याचा पुतळा, त्याच्या अंगावर एका बाहीचा कोट. दुसरी बाही जोडायची राहिली होती.

मुलगा जहाजावर. त्याचा आवाज फोनवर यायचा, तोही तुटक तुटक. त्यामुळे घरात सासू आणि सून दोघीच, आणि मध्ये ती काठी.

सून नोकरीला होती बिनचालकाच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीत. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून गाड्यांचे डोळे तपासते." थट्टेनं म्हणायच्या, पण खोटं नव्हतं. गाडीच्या टपावर एक डबा गरगर फिरतो. त्यातून लेझरचे किरण सुटतात, जिथे आपटतात तिथून परत येतात, आणि पडद्यावर ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांच्या रांगोळीतून माणूस कुठला, खांब कुठला, बाबागाडी कुठली हे गाडीला कळावं, कळलं की त्याभोवती चौकट पडावी, आणि माणसाची चौकट आडवी आली की गाडीनं थांबावं. ऐकायला सोपं. पण वाऱ्यानं फुगलेली पिशवी गाडीला कुत्रं वाटते आणि कचऱ्याच्या डब्यामागून निघालेलं पोर त्या डब्याचाच तुकडा वाटतं. हे निस्तरायचं काम सुनेचं.

दिवसभर हेच बघून तिला स्वतःला एक खोड लागली होती. रस्ता ओलांडताना ती डावा हात पुढे काढायची, पंजा गाड्यांकडे करून. गाडी लांब असो, उभी असो, नसो.

"बघा, निघाली गाड्यांना आशीर्वाद देत," सासूबाई खिडकीतून म्हणायच्या. "कुणी पाया पडायला थांबतंय का गं?"

चाचणीच्या गाडीचं नाव पांढरी. तिचा रोजचा फेरा याच रस्त्यावरून जायचा. तो सुनेनंच आखला होता, कारण इथला खड्डान्‌खड्डा तिला ठाऊक होता. स्टिअरिंगमागे काका बसायचे, पूर्वीचे बसड्रायव्हर. हात मांडीवर, पाय ब्रेकच्या वर अधांतरी. काम काय, तर काही न करणं. त्याचा पगार घेताना काकांना अजून लाज वाटायची.

एके दिवशी काका म्हणाले, "ताई, पांढरी तुमच्या घरासमोर थांबते."

"कुणासाठी?"

"तेच तर. कुणासाठीच नाही."

सुनेनं रेकॉर्डिंग काढलं. कॅमेऱ्यात झेब्रा पट्टे रिकामे, ऊन पडलेलं, पलीकडे दुकानाची काच. लेझरमध्ये मात्र ठिपके होते. माणसाएवढे. सावकाश, अंग डावीकडे झुकवून, मान खाली घालून कुणीतरी रस्ता ओलांडत होतं. पांढरी त्याच्यासाठी थांबली आणि ते पलीकडे पोचल्यावर निघाली.

सुनेला आश्चर्य वाटलं नाही. काच म्हटलं की लेझर फसतो. कुठलं तरी प्रतिबिंब रस्त्यावर आणून टाकतो. तिनं घरून किल्ली आणून दुकानाच्या काचेवर आतून जाड कापड लावलं, पुतळा आत ढकलला. दुसऱ्या दिवशी ठिपके पुन्हा आले. टपावरचा डबा बदलला, तरी आले. पाऊस नव्हता, धूळ नव्हती, केबल धड होती. आणि थांबत होती पांढरी एवढ्याच पट्ट्यांवर, बाकी शहरात कुठेही नाही.

मग तिनं ठिपके मोठे करून पाहिले. आकृतीच्या बाजूला एक काठी होती. काठीच्या बुडाशी चार ठिपके. त्यातला एक बाहेर गेलेला.

तिच्या हातातला चहा तसाच राहिला. तिनं उंची मोजली. सासूबाईंपेक्षा जरा जास्त भरत होती. वाकलेलं अंग, विरळ ठिपके, एवढा फरक पडायचाच, असं म्हणून तिनं तो आकडा सोडून दिला. त्यांच्या कामात असले आकडे रोज सोडून द्यावे लागतात.

हे घरी सांगू नये एवढी अक्कल तिला होती, पण पोटात राहिलं नाही. जेवताना बोलून गेली.

सासूबाई घास हातात धरून ऐकत राहिल्या. "म्हणजे माझी चाल माझ्यावाचून रस्त्यावर हिंडते?"

"तसं नाही आई, यंत्राचा काहीतरी..."

"माझी काठी घेऊन?"

"तशीच दिसते खरी."

"भाडं देते का?" सून हसली. सासूबाई हसल्या नाहीत. "नीट चालते का गं ती? का पाय ओढते?"

"पाय ओढते. पण पलीकडे पोचते."

सासूबाईंनी घास खाल्ला. त्या दिवसापासून सून घरी आली की पहिला प्रश्न ठरलेला, "आज आली होती का ती भवानी?" आली होती म्हटलं की ओठ आवळून खिडकीकडे बघायच्या. कधीतरी सुनेच्या लक्षात आलं, काठीची रबरी बुटं झिजलीत. आपटून झिजतात तशी नव्हे, कडेनं. खाटेपासून दारापर्यंत फरशीवर बारीक काळे ओरखडेही होते. तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर बाई हट्टानं पुन्हा आडवी झाली असती. तिनं फक्त वाटेतलं स्टूल उचलून कोपऱ्यात ठेवलं.

ऑफिसात मात्र गोष्टी वेगळ्या चालल्या होत्या. तिथल्या वरिष्ठांना सगळे पाठीमागे घाईसाहेब म्हणायचे. पैसे लावणारी मंडळी पांढरीत बसून फेरा मारणार होती. "आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारून बसली तर काय सांगू त्यांना? भूत चाललंय म्हणून?" घाईसाहेब म्हणाले. "हा फेरा फसला तर हा विभागच बंद होईल. तू, मी, काका, सगळे घरी. ठिगळ लाव आणि मोकळी हो."

ठिगळ म्हणजे त्यांच्या कामातली एक सोय. रस्त्याकडेच्या पुतळ्याला, जाहिरातीतल्या बाईला गाडी माणूस समजून थांबत असेल, तर नकाशावर तेवढ्या जागेवर एक चौकोन काढायचा. त्या चौकोनात काहीही दिसलं तरी गाडीनं ते नाहीच असं धरायचं. भिंतीवर, कठड्यावर अशी ठिगळं सगळेच लावत. पट्ट्यांवर कुणी लावत नसे.

तिनं घरी तेही सांगितलं. सासूबाई शिवणातल्या. ठिगळ म्हटल्यावर त्यांनी कान टवकारले. "लावण्याआधी खाली काय आहे ते चाचपलंस का? मी एकदा गिऱ्हाइकाच्या खिशाला ठिगळ लावलं आणि त्याची अंगठी आत शिवून टाकली. महिनाभर तो बायकोवर संशय घेत होता."

"काका असतात आई, ब्रेकवर पाय ठेवून. आणि एकाच फेरीपुरतं आहे."

"अंगठीसुद्धा एकच होती."

सकाळी सुनेनं ठिगळ लावलं. पट्ट्यांच्या मधोमध, दोन्ही कडांपर्यंत. पाहुणे येण्याआधी एकदा तपासावं म्हणून दुपारी ती स्वतः पांढरीत मागच्या सीटवर बसली, मांडीवर लॅपटॉप घेऊन. पडद्यावर रस्ता ठिपक्यांचा. सायकलवाल्याभोवती चौकट, पेपर घेऊन उभ्या म्हाताऱ्याभोवती चौकट. सगळं चोख.

घराजवळ वळण आलं. कडेला सामान उतरवणारी एक मोठी व्हॅन उभी होती, पट्ट्यांना अगदी खेटून.

व्हॅनच्या आडून काठी बाहेर आली.

मग पाय. मग घरातला फुलाफुलांचा गाऊन, वर शेजारणीच्या दारात जाताना घालतात तो स्वेटर, आणि नीट विंचरलेले केस. सासूबाई. "त्या भवानीला" गाठायला निघाल्या होत्या. पांढरीची वेळ त्यांना खिडकीतून पाठ झाली होती.

सुनेनं पडद्याकडे पाहिलं. सासूबाईंभोवती चौकट नव्हती. ठिगळ आपलं काम करत होतं.

गाडीचा वेग कमी झाला नाही.

तिला काकांना हाक मारायची होती. काका व्हॅनवाल्याकडे बघत होते.

सासूबाई पट्ट्यांच्या मधोमध पोचल्या.

पांढरी थांबली.

अशी थांबली की लॅपटॉप पुढच्या सीटवर आपटला आणि काकांचा चष्मा खाली पडला. पट्ट्यांच्या अलीकडे हातभर जागा उरली होती.

"मी पाय लावला नाही," काका म्हणाले. त्यांचा पाय अजून अधांतरीच होता. "ताई, मी लावलाच नाही."

बाहेर सासूबाई काठी उगारून गाडीला शिव्या देत होत्या. "आंधळ्यांनो! डोळ्यांचे पैसे घेता ना? का नुसताच डबा फिरवता डोक्यावर?" काठी वर, म्हणजे दोन्ही पाय नुसते जमिनीवर. बाई काठीशिवाय उभी होती. हे तिच्या स्वतःच्या लक्षात आलं तेव्हा ती गप्प झाली, खाली पायांकडे बघितलं, आणि मग उरलेला रस्ता, कुणी हात द्यायच्या आत, ओलांडून गेली. दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाली, "किल्ली आण. त्या कोटाला बाही लावायचीय. बिचारा किती दिवस लुळा उभा आहे."

सून त्या पायरीवर, त्यांच्या मांडीत डोकं घालून रडली. सासूबाईंनी तिला थोपटलं. दुसऱ्या हातानं ये-जा करणाऱ्यांना पुढे चला अशी खूण केली.

ठिगळ त्याच दुपारी काढलं. घाईसाहेबांना तिनं सगळं तोंडावर सांगितलं. त्यांनी पाहुण्यांना फोन करून फेरा पुढे ढकलला. विभाग बंद पडला नाही. माणसं चालतात त्या जागेवर ठिगळ लावायचं नाही असा नियम झाला, आणि पुढच्या फेऱ्यांत रिकाम्या पट्ट्यांवर पांढरी कधीच थांबली नाही. ती आकृती पुन्हा आली नाही.

राहिला प्रश्न त्या ब्रेकचा. ठिगळ लावलेलं असताना गाडी थांबली कशी?

सुनेनं ते रेकॉर्डिंग घरी आणलं आणि सासूबाईंच्या शेजारी बसून उघडलं. कॅमेऱ्यात पट्ट्यांवर एकट्या सासूबाई. लेझरमध्येही त्या होत्या, ठिगळाच्या आत, चौकटीविना. पण ठिगळाच्या कडेबाहेर, पांढरी आणि सासूबाई यांच्या मधे आणखी ठिपके होते, आणि त्यांच्याभोवती लख्ख चौकट. माणूस.

वाकलेली बाई. डावीकडे झुकलेली. उजव्या हातात काठी, बुडाशी चार ठिपके, एक बाहेर गेलेला. तशीच काठी मागे सासूबाईंच्याही हातात होती.

इतके दिवस ती आकृती मान वर न करता चालत असायची. या चित्रात ती थांबली होती. गाडीकडे तोंड करून. डावा हात पुढे काढलेला, पंजा गाडीकडे.

सुनेनं आपला डावा हात ओढणीखाली घेतला.

जन्मभर खांदे मापलेल्या सासूबाईंनी पडद्यावर बोट ठेवून एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत सावकाश फिरवलं. सुनेच्या पाठीकडे पाहिलं. पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"बरीच म्हातारी होणार आहेस," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच, पण हात सुनेच्या डोक्यावर होता. "पोक काढून बसू नकोस. आत्तापासून ताठ बस."

महिन्याभरात दुकान उघडलं. काठी लागेनाशी झाली. ती हॉस्पिटलला परत द्यावी म्हणून सून दारामागे बघायला गेली.

"राहू दे ती," मशीनवरून मान वर न करता सासूबाई म्हणाल्या.

काठी पुसून, तेल घालून खुंटीला लावली होती. फेंगडा पाय तसाच होता. खिटी तेवढी एक भोक वर सरकवून काठी उंच केलेली होती. सुनेनं काठी खाली टेकवून पाहिली. मूठ तिच्या हाताला जराशी खाली येत होती.

वाकल्यावर बरोबर आली.