काशाचा रुपया

खाडीवरचे धुके अजून विरले नव्हते. वेळणकोटाच्या पश्चिम बुरुजावर फिरंगी पातशहाचे निशाण दवाने भिजून काठीला चिकटले होते, आणि तटापलीकडे, नारळींच्या आगरांतून, वेढा घालून बसलेल्या मराठी फौजेच्या चुलींचा धूर सरळ वर चढत होता. दसऱ्यानंतर पडलेला वेढा संक्रांत आली तरी उठला नव्हता. गोव्याहून यायची कुमक वाटेत अडली, की मुळी निघालीच नाही, हे कोटात कोणालाच ठाऊक नव्हते.

त्या पहाटे कोटाचे पोतदार दुलबाशेट कप्तानाच्या वाड्याच्या पायऱ्या चढत होते. नाणे पारखून त्याच्या खरेपणाची ग्वाही देणे हे पोतदाराचे काम, आणि ते त्यांच्या घराण्यात आज्यापासून चालत आले होते. राज्य फिरंग्यांचे आणि टांकसाळही त्यांचीच. परंतु ज्या नाण्यावर दुलबाशेटांच्या ठशाचे बेलपान उठे, ते कोळीणसुद्धा न वाजवता कनवटीला लावी.

कप्तान दों सिमांव खिडकीपाशी उभा होता. जन्म कोकणातला असल्याने तो मराठी सफाईने बोले.

"पोतदार, शिपायांचे पगार थकले आहेत. भंडारी तटावरून खाली उतरले, तर कोट एका दिवसात जाईल. खजिन्यातली चांदी वाटावी, तर लोक ती परसात पुरून ठेवतील आणि पुढच्या महिन्याला माझे हात रिकामे. म्हणून इगर्जीच्या, आमच्या देवळाच्या, घंटा उतरवण्याचा हुकूम मी दिला आहे. त्यांच्या काशाचे रुपये पाडायचे. वेढा उठला, की जो काशाचा रुपया आणील त्याला खजिन्यातून चांदीचा मिळेल. पातशहाच्या नावाने हा करार."

"पातशहांचे नाव मोठे आहे, साहेब," दुलबाशेट म्हणाले, "पण पातशहा फार दूर आहेत."

"म्हणूनच तुमचा ठसा हवा."

"चांदी डोळ्यांनी पाहिल्याखेरीज माझा ठसा उठणार नाही."

कप्तानाचा चेहरा लाल झाला, पण त्याने किल्ल्या उचलल्या. बुरुजाच्या तळघरात पेट्या रचलेल्या होत्या. दुलबाशेटांनी एकेक उघडून आतली चांदी कसाला लावली. ती चोख होती. कप्तानाने गळ्यातल्या क्रुसावर हात ठेवून सांगितले, की काशाच्या रुपयांच्या बदलीखेरीज यातला एक रुपया हलणार नाही. त्या शपथेवर दुलबाशेटांनी विश्वास ठेवला.

काशाचे रुपये निघाले. पहिल्या दिवशी बाजारात त्यांना कोणी हात लावीना. तेव्हा भंडारी शिपायांचा नाईक जानू पुढे आला. तो दुलबाशेटांच्या शेजारचाच. त्याची बायको येसू आणि शेटांची सरसबाई एकाच विहिरीवर पाणी भरीत.

"शेट, तटावर आमच्या अंगावर येणारा गोळा खोटा नसतो," जानू सर्वांदेखत म्हणाला. "तुम्ही सांगता म्हणून हा रुपया घेतो. फसलो तर फिरंग्याला नाही, तुम्हाला विचारीन."

"मलाच विचार, जानू."

त्यानंतर मात्र बाजार उघडला. दडवलेले भात कणगीतून बाहेर आले, कोळणी वेढ्याच्या होड्या चुकवून मासळी आणू लागल्या, गवळ्याने रतीब घातला. घंटांवाचून मुकी झालेली इगर्ज आणि उपाशी तोफखाना यांच्या आधारावर नव्हे, तर पोतदाराच्या एका ठशावर तो कोट उभा राहिला, असे म्हटले तरी चालेल.

शिमग्याच्या तोंडाशी कप्तानाने पुन्हा बोलावणे धाडले. या खेपेस त्याने दार आतून लावून घेतले.

"मराठ्यांशी कौल ठरला आहे. परवा आम्ही कोट खाली करून देणार. माझे लोक हत्यारे आणि चीजवस्त घेऊन गलबतांनी गोव्याला जातील."

"आणि चांदी?"

"पातशहाची चांदी पातशहाकडे जाईल."

"लोकांच्या हातात काशाचे रुपये आहेत, साहेब. आपण क्रुसावर हात ठेवला होता."

"वेढा उठला, की मिळेल, असे मी म्हटले होते." कप्तानाने नजर खिडकीकडे वळवली. "वेढा उठला नाही, पोतदार. कोट पडला."

कप्तान बोलतच होता: गलबतावर शेटांसाठी आणि बाईंसाठी जागा राखली आहे, गोव्याच्या टांकसाळीत मानाची जागा मिळेल, फक्त गलबते सुटेपर्यंत लोक शांत राहिले पाहिजेत.

दुलबाशेट म्हणाले, "पेट्या बाजारातून धक्क्यावर जाताना लोक विचारतील."

"मग?"

"बदली धक्क्यावर होणार, अशी दवंडी मी पिटवतो. मग पेट्या कोणी अडवणार नाही. वेळ दुपारची सांगू. तोवर भरती साधून आपण गेलेले असाल. पेट्यांच्या किल्ल्या तेवढ्या माझ्या कमरेला असू द्याव्यात, म्हणजे लोकांना संशय राहणार नाही."

कप्तानाने त्यांना मिठी मारली.

घरी येऊन शेटांनी सरसबाईंना सगळे सांगितले. "दवंडी दुपारची नव्हे, सकाळची देणार आहे," ते शेवटी म्हणाले.

"मग ते तुम्हाला सोडतील?"

"नाही."

सरसबाई चुलीकडे वळल्या. हातातले लाकूड त्यांनी उगाच दोनदा आत सारले. "पान वाढते," त्या म्हणाल्या. "जेवून घ्या आधी."

ठरल्या दिवशी उजाडताच ढोल वाजला. हमालांनी पेट्या धक्क्यावर उतरवल्या, त्याच वेळी बाजारपेठेतून, कोळीवाड्यातून, तटावरून माणसे लोटली. कप्तान आपल्या सरदारांसह धक्क्यावर पोचला, तेव्हा घोंगडीवर चांदी पसरलेली होती आणि दुलबाशेट एका हाताने काशाचा रुपया घेत होते, दुसऱ्याने चांदीचा देत होते.

"हे काय चालले आहे?"

दुलबाशेट उठून उभे राहिले. त्यांचा आवाज साऱ्या धक्क्याला ऐकू गेला. "लोकहो! कप्तानसाहेबांनी क्रुसावर हात ठेवून दिलेला शब्द आज पुरा होत आहे. साहेबांचा जयजयकार करा!"

लोकांनी जयजयकार केला. कप्तान पांढराफटक पडला. मग त्याने जानू नाईकाला हुकूम सोडला, "धक्का मोकळा करा! बंदुका चालवा!"

जानूने बंदूक खाली टेकली. "साहेब, ही आमचीच माणसे आहेत. यांच्यावर बार निघणार नाही."

एका तरुण फिरंगी सरदाराने पिस्तूल झाडले. जानू जागच्या जागी बसला, मग कुशीवर कलंडला. त्याच्या कनवटीला गाठ मारलेले काशाचे रुपये तसेच राहिले. भंडारी गर्जना करून पेट्यांभोवती कडे करून उभे ठाकले, आणि दुलबाशेट, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, देत राहिले. त्यांना थांबून मित्राचे डोके मांडीवर घेता आले नाही. थांबले असते तर पेट्या गेल्या असत्या.

निम्म्या पेट्या रित्या झाल्या, तेव्हा गलबतावरच्या तोफांची तोंडे धक्क्याकडे वळली. रांगेत लेकुरवाळ्या बायका होत्या. दुलबाशेटांनी त्या पाहिल्या, हातातले झाकण लावले आणि भंडाऱ्यांचे कडे ओलांडून ते आपणहून कप्तानापुढे गेले.

"उरलेल्या पेट्या न्या, मलाही न्या. धक्क्यावर गोळा पडू देऊ नका."

भरती उतरण्याआधी गलबते सुटली. दुलबाशेट बेड्यांत होते.

दुसऱ्या दिवशी मराठ्यांचे निशाण बुरुजावर चढले. नव्या अंमलदारांनी साफ सांगितले, की फिरंग्याच्या नाण्याला आम्ही बांधलेले नाही. ज्यांना चांदी मिळाली नव्हती त्यांनी काशाचे रुपये तांबटाला वजनावर विकले. काहींनी ते दुलबाशेटांच्या दारावर फेकून मारले. येसू तेवढी आली नाही. तेव्हा सरसबाईच आपल्या पाटल्या आणि गोठ घेऊन तिच्याकडे गेल्या, आणि ते तिच्या ओच्यात घालून, ती नको नको म्हणत असता, परतल्या.

पावसाळ्यानंतर बातमी आली, की शेटांवर राजद्रोह शाबीत होऊन त्यांची रवानगी समुद्रापार मोझांबिकेच्या कैदखान्यात व्हायची आहे. सरसबाई मिळेल त्या मचव्याने, मिळेल त्या वाटेने गोव्याला पोचल्या. पहारेकऱ्याने गजांपाशी क्षणभर उभे राहू दिले. दुलबाशेटांची दाढी वाढली होती. आवाज तोच होता.

"जानूच्या घरी मिळालं?"

"मिळालं."

"आणि बाकीच्यांना?"

सरसबाई जन्मात नवऱ्याशी खोटे बोलल्या नव्हत्या. "मराठ्यांच्या सरदारांनी उरलेले सगळे बदलून दिले. रुपयाला रुपया."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

दुलबाशेटांची नजर सरसबाईंच्या हातांवर गेली. तिथे नुसती काचेची बांगडी होती. त्यांनी पदर पुढे ओढून हात झाकले. दुलबाशेटांनी मान हलवली आणि पुढे काही विचारले नाही.

शेटांना घेऊन निघालेले जहाज दिसेनासे होईपर्यंत त्या मांडवीच्या काठावर उभ्या होत्या. मोझांबिकेहून पुढे कधीच काही कळले नाही.

त्या वेळणकोटाला परतल्या, तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. दाराच्या पायरीवर येसू बसली होती. तिने आधी सरसबाईंच्या हातातले गाठोडे घेतले, मग विचारले, "वहिनी, शेटना काय सांगितलंत?"

"सगळ्यांना मिळालं म्हणून सांगितलं."

"बरं केलंत," ती म्हणाली आणि चूल पेटवायला आत गेली.