आठवं विरजण

"हे आकडे चुकीचे आहेत," डॉ. घैसास म्हणाले. शास्त्रज्ञाला न आवडलेले आकडे आधी चुकीचेच असतात, त्यामुळे डॉ. वसुंधरा खोडके यांनी ते पुन्हा एकदा पडद्यावर आणले.

पुण्यातल्या प्रयोगशाळेच्या पडद्यावर विदर्भाच्या खारपाणपट्ट्यातल्या एका गावाचे एकशे बारा रुग्ण होते. त्यांच्या मनगटावरचे रक्तवाचक पट्टे रोज युरियाचं प्रमाण पाठवत. खारं पाणी पिऊन मूत्रपिंडं निकामी झालेली ही माणसं पूर्वी आठवड्यातून तीनदा सत्तर किलोमीटर एसटीने जाऊन डायलिसिस करून घेत. तेही यंत्र सुरू असेल तर. त्यांच्यासाठी वसुंधराबाईंनी 'वृक्कमित्र' हा दह्यात वाढणारा जिवाणू घडवला होता. रोज वाटीभर दही खायचं, पोटातला युरिया जिवाणूने खायचा आणि दोन दिवसांत बाहेर पडायचं. चाचणी संपली, विरजणाची पाकिटं बंद झाली, त्याला सहा महिने झाले होते. आकडे तरीही निरोगी माणसाचे होते.

"मला कायदा कळतो, दही नाही," पाकिटं बनवणाऱ्या कंपनीचे वकील सबनीस म्हणाले. "हे अशक्य का आहे, तेवढं सांगा."

"आमच्या उपास-कुलपामुळे," घैसास म्हणाले. हे कुलूप त्यांचं स्वतःचं, त्यामुळे आवाजात थोडा बापाचा अभिमान होता. "वृक्कमित्राला वाढायला एक अमिनो आम्ल लागतं. ते स्वतः तयार करण्याची त्याची शक्ती आम्ही काढून घेतली. दुधात ते पुरेसं मोकळं मिळत नाही. पाकिटात त्या आम्लाची सात विरजणांपुरती शिदोरी असते. आठव्या वेळी दूध दूधच राहतं. चार देशांत तपासलंय."

"म्हणजे आठवड्याला एक पाकीट," वसुंधराबाई म्हणाल्या. "वर्षाला बावन्न. आणि सरकारी योजनेत बसतं एक. उरलेले एक्कावन्न आठवडे रुग्णाने काय करायचं, हे मी तेव्हाच विचारलं होतं."

"म्हणूनच विचारतो," सबनीस शांतपणे म्हणाले. "कुलूप नसलेला जिवाणू गावात कोणी पोचवला?"

संशय आपल्यावरच आहे हे ओळखून वसुंधराबाईंना राग आला. त्या दुसऱ्याच दिवशी गावात पोचल्या.

गावचा पंपचालक देवराव तायडे पाण्याच्या टाकीची शिडी चढत होता. वर्षापूर्वी या माणसाला ओटा चढतानाही धाप लागायची. तो वर पोचेपर्यंत वसुंधराबाई खाली उभ्या राहून बघत राहिल्या.

देवरावच्या आईने, गोकर्णाबाईंनी, आधी वाटीभर दही पुढे ठेवलं, मग प्रश्न ऐकला.

"तुमचं दही लय मिळमिळीत होतं बाई. तार सुटे. देवराव तोंडाले लावेना. मंग म्या त्यात चमचाभर घरचं इरजण टाकलं."

"पाकिटावर लिहिलं होतं ना, मिसळू नका म्हणून?"

"लिहिलं होतं. पण पोरानं खाल्लंच नाई त गुण कसा येईन?"

वसुंधराबाईंनी वाटी खाली ठेवली. घरच्या विरजणातले साधे जिवाणू दुधातली प्रथिनं फोडतात आणि नेमकं तेच अमिनो आम्ल आजूबाजूला सांडतात. चार देशांतल्या प्रयोगशाळांत वृक्कमित्राला निर्जंतुक दुधात एकट्याला कोंडलं होतं. इथे त्याला शेजार मिळाला होता. घैसास आयुष्यभर दह्याचे तयार कप विकत आणत आले होते. त्यांना हे सुचणार कुठून?

महिन्याभरात प्रकरण मुंबईला सरकारच्या औषध समितीपुढे आलं. चोरी झालेली नाही, हे सबनीसांनी मान्य केलं. पण जिवाणू कंपनीचा आहे, तेव्हा घरोघरचं विरजण जप्त करून नष्ट करावं, ही त्यांची मागणी होती. गोकर्णाबाई देवरावचा हात धरून बसल्या होत्या. मागणी मान्य झाली तर दहा दिवसांत तो पुन्हा एसटीत बसणार होता, आणि एक दिवस डायलिसिसच्या खुर्चीतून उठणारच नव्हता.

समितीच्या अध्यक्ष रोहिणी शेजवलकर यांनी चष्मा लावून रिकामं पाकीट उलटं केलं.

"सबनीस, ही बारीक अक्षरांतली सूचना कोणाची?"

"माझीच."

"वाचते. 'इतर विरजणात मिसळल्यास तयार होणारे दही कंपनीचे उत्पादन राहणार नाही. त्याच्या कोणत्याही परिणामाशी कंपनीचा संबंध असणार नाही.'" त्यांनी चष्मा काढला. "मग तुम्ही परत काय मागताय?"

सबनीसांनी पाकीट हातात घेऊन ते वाक्य पुन्हा वाचलं. वाईट परिणामांपासून हात झटकण्यासाठी लिहिलेल्या वाक्याने चांगला परिणामही त्यांच्या हातून सोडवून घेतला होता.

निकाल तिथेच झाला. दही गावाचं राहील. ते वेळोवेळी तपासायची जबाबदारी सरकारची. देवरावने आईचा हात सोडून डोळे पुसले.

"निदान मोजणी तरी करा," सबनीस म्हणाले. "किती घरांत पोचलंय हे?"

अध्यक्षांनी गोकर्णाबाईंकडे पाहिलं.

"इरजण मागाले आलेल्या बाईचं नाव कोणी लिहून घेते का?" त्या म्हणाल्या. "आन् माह्या चार पोरी चार जिल्ह्यात देल्ल्या. दिवाळीले आल्या होत्या. जाताना चौघीबी डबी भरून घेऊन गेल्या."

वसुंधराबाई मोठ्याने हसल्या. समितीच्या लिपिकाने घरांच्या संख्येचा रकाना कोरा सोडला.