उधळलेला समुद्रघोडा

माझ्या लुंबिनीचा घोडा ज्यानं उधळला, त्याच्याच गळ्यात तिनं माळ घालावी, हे मला आजही पटत न्हाई. तरी सांगते, कारण गावात लोक भलतंच सांगून राहिलेत.

लुंबिनी माझी नात. नांदेडला बँकेत नोकरी, अन् सुट्टी मिळाली की तारकर्ली. पाठीवर हवेची टाकी बांधायची, समुद्राच्या तळाशी जायचं, माशांचे फोटो काढायचे, हा तिचा नाद. त्या दिवशी तिला समुद्रघोडा दिसला. बोटाएवढा जीव, शेवाळाच्या काडीला शेपटी गुंडाळून डुलत होता. कधीपासून ती त्यालाच शोधत होती. तिनं कॅमेरा हळूच पुढं केला... अन् मागून कोण्या हेंगाड्यानं पायातले रबरी पंजे मारले. वाळूचा धुरळा. घोडा गायब.

होडीत चढल्या चढल्या तिनं त्याला धरलाच.

“पाय कुठं मारावेत, कळत न्हाई?”

“चुकलं... मला वाटलं नुसतं शेवाळ हाय.”

“शेवाळाला डोळे असतात?”

“मी दुसऱ्याच डोळ्यांकडं बघून राहिलो होतो — काचेमागच्या.”

केस पिळता पिळता तिचा हात थांबला. “हे ‘बघून राहिलो’ कुठलं?”

“नायगावचं.”

“मी लोह्याची.”

“बघा... भांडायला आपल्याला अख्खा नांदेड जिल्हा पुरला न्हाई.”

ती हसली. तिथंच चुकली, असं माझं मत. मग फोन सुरू झाले. पोरगी भाकरी थापताना हसायची, अन् तव्यावरची भाकर करपायची. करपलेली भाकर मी खायची.

शेवटी तो, व्यंकट, त्याच्या आईला घेऊन आमच्या घरी आला. ही धोंडाबाई बागायतदाराची बाई, आम्ही बौद्ध. मी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. तिनं हात लावला न्हाई. मी बघितलं.

“पोरगी पसंत हाय,” ती म्हणाली. “पण लग्नानंतर हे पाण्यात उतरणं बंद. आमच्यात चालत न्हाई.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“बाई, तुमच्यात काय चालतं ते माझ्या मायला ठाऊक होतं. तुमच्यासारख्यांच्या विहिरीपासून ती लांब उभी राहायची. कोणी वरून ओतलं तर घागर भरायची. म्हणून माझ्या मालकानं घरामागची ही विहीर खणली. ह्याच विहिरीत, पाठीला भोपळा बांधून, लुंबिनीला मी ढकललं, तेव्हा ती पोहायला शिकली. अन् आता तिला पाण्यातून बाहेर निघ म्हणायला तुम्ही आलात?”

लुंबिनी व्यंकटाकडं बघत होती, अन् तो बहाद्दर जमिनीकडं. मला वाटलं, संपलं.

“बोला की,” ती म्हणाली. “आज तर वाळू न्हाई उडाली. सगळं साफ दिसून राहिलंय ना?”

व्यंकटानं तांब्या उचलला. निम्मा प्यायला, अन् आईपुढं ठेवला.

“माय, ती उतरणार. मी तिच्या मागं उतरणार... लांबून. पाय न हलवता. म्हणजे — ती हो म्हणाली तर.”

“मला विचारता, की त्यांना सांगता?”

“तुला विचारतो.”

तुला म्हणाला. माझ्यादेखत. काही लाज?

“हाव,” लुंबिनी म्हणाली.

धोंडाबाई लई वेळ तांब्याकडं बघत राहिली. मग उचलला. “पाणी गोड हाय,” म्हणाली.

“असणारच. विहीर कोणाची हाय?”

मी तिला माफ केलं, असं कोणी समजू नये.

लग्नानंतर दोघं पुन्हा तारकर्लीला गेले. घोडा सापडला. त्याचा मोठा फोटो आता माझ्या भिंतीवर हाय. घोडा मधोमध, अन् मागं लांब, कोपऱ्यात, दोन रबरी पंजे... जराबी न हललेले. भिंतीवर नातजावयाचे पाय कोणी लावतं का? काढा म्हणते मी सगळ्यांना.

धूळ मात्र मीच पुसते.