शिडीवरचं नाव

बसा. दार लावून घ्या, कडी मात्र घालू नका. घरचा, म्हणजे माझा नवरा, दर्यावर आहे, म्हणून त्याचं नाव मी घेणार नाही. समजून घ्या.

थळच्या आमच्या वस्तीत ही रीत आहे. माणूस होडीवर गेला की किनाऱ्यावर कोणी त्याचं नाव काढत नाही. दर्याच्या कानी नाव पडलं की तो हाक मारतो म्हणतात. माणूस परत आला की तो दाराबाहेरून आपलं नाव आपणच सांगतो, मग घरातली बाई दार उघडते. मला ही सगळी म्हाताऱ्यांची खुळं वाटायची. मी बारावीपर्यंत शिकलेली, शब्दांचा नाद असलेली बाई.

त्या नादातूनच सगळं झालं. माझी नणंद पूनम पनवेलला असते. तिने फोनवर एक खेळ पाठवला होता, शब्दशिडी. फुकटचा, काही उतरवून घ्यायला नको, दुव्यावर बोट ठेवलं की उघडायचा. रोज एक कोडं. वरच्या पायरीवर एक शब्द, खालच्या पायरीवर एक. एका वेळी एकच अक्षर बदलत वरून खाली उतरायचं, आणि मधला प्रत्येक शब्द खरा हवा. दुपारी अंगणात जवळा वाळत टाकला की कावळे हाकत बसण्याशिवाय काम नसतं. तेव्हा मी खेळायची.

पहिल्या दिवशी खेळाने नाव विचारलं. मी घरच्याचं टाकलं. आमच्याकडे सिमकार्ड त्याच्या नावावर, गॅस त्याच्या नावावर, रेशनकार्डावर पहिलं नाव त्याचं. कुठे नाव विचारलं की बोट आपोआप त्याचंच लिहितं. त्या दिवशी तो समोरच जाळं शिवत बसला होता, त्यामुळे रीत मोडली असं मनातही आलं नाही.

कोडं सुटलं की खाली यादी दिसायची, आज कोणी किती वेळात सोडवलं त्याची. पूनमच्या यादीत शेकड्यांनी नावं असत. माझ्या यादीत दोनच ओळी. खाली घरच्याचं नाव, म्हणजे मी. वरची ओळ कोरी, नाव नाही, नुसती वेळ. आणि ती वेळ रोज माझ्यापेक्षा जराशीच कमी. मी दहा मिनिटं घेतली तर त्याची नऊ, मी चार घेतली तर त्याची साडेतीन. तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या. "थांब मेल्या, उद्या बघते तुला," असं मी फोनला म्हणायची.

ते ऐकून सासू ओट्यावरून खेकसायची, "सुचे, जवळा कावल्यांनी खाल्लान! कोनाशी बोलतंस गो?"

सासूचं नाव सोनाबाई. आता घ्यायला हरकत नाही. माझं नाव सुचिता, पण ती जन्मात कधी पूर्ण घ्यायची नाही. सुचे. तेही असं, की भांडं आपटल्यासारखं. मला मूल नाही याचा राग तिने बारा वर्षं माझ्यावर काढला, आणि मी तो तिला परत केला. आमच्यात विळ्याभोपळ्याचं सख्य. खोटं कशाला बोलू, ती मला नको होती.

होडी गेली त्या दुपारी वरचा शब्द होता दार आणि खालचा लाट. मी सहज उतरले. दार, वार, वाट, लाट. चांगलं जमलं म्हणून हसलेसुद्धा. नाव बदलायचं तेव्हा सुचलं नाही. तोंडाने कुठे घेतलं होतं, असंच वाटत असणार.

तो चौथ्या दिवशी यायचा होता. चौथा गेला, पाचवा गेला. बरोबरच्या होड्या आल्या. त्यांनी दोन दिवस याला पाहिलं नव्हतं. फोन लागत नव्हता. सासू दर्याकडे पाठ करून बसायची, आणि भाताचं ताट तसंच ठेवून उठायची.

सहाव्या दिवशी दुपारी वारा पडला. कारखान्याचा भोंगा वाजून गेला आणि मग कुठलाच आवाज उरला नाही. जवळ्यावर एक कावळा येईना. मन दुसरीकडे जावं म्हणून मी आत येऊन दार ओढून घेतलं आणि फोन उघडला.

वरचा शब्द लाट. खालचा दार.

यादीतल्या कोऱ्या ओळीपुढे आज वेळ नव्हती. आज तो माझ्यासाठी थांबला होता.

मी दुसऱ्या पायरीवर वाट लिहिलं. बाहेर ओल्या वाळूवर पाय पडल्याचा आवाज आला. आमच्या अंगणात शेणाने सारवलेली कोरडी जमीन आहे. मी वार लिहिलं. दाराच्या फटीतून वास आला, खोल पाण्यातलं जाळं वर काढल्यावर येतो तसा, थंड आणि कुजका. मग दार वाजलं. एकदाच, हलकेच.

"दार उघड गो..."

आवाज घरच्याचाच होता. मी धावले. कडीला हात घातला, तेवढ्यात सासूने माझं मनगट धरलं. तिच्या म्हाताऱ्या बोटांत एवढं बळ मला ठाऊक नव्हतं.

"नाव सांग," ती दाराला म्हणाली.

उंबऱ्याखालून पाणी आत येत होतं, बोटभर.

"नाव सांग तुजा!"

"तुमीच घ्या ना..." बाहेरून आवाज आला. "घ्या ना माजा नाव... रोज घेता तसा..."

सासू माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मी विसरणार नाही. "कोनी घेतलान? सुचे... कोनी घेतलान नाव?"

मी फोन पुढे केला. तिला अक्षरओळख नव्हती, बँकेतसुद्धा अंगठाच. पण तिला कळलं. तिने माझ्या मुस्कटात मारली. "अवदसे! माज्या पोराला दर्याला दिलंस! पूस... पूस तो नाव!"

मी पुसलं. पण खेळ कोरं नाव घेईना. नाव टाका, नाव टाका, एवढंच येत राहिलं. दार पुन्हा वाजलं, या वेळी खालून, उंबऱ्याजवळून. काहीतरी नाव घालणं भाग होतं. माझं घालायला हवं होतं. स लिहिलंसुद्धा. गाल जळत होता. ती समोर उभी राहून माझ्या आईबापांचा उद्धार करत होती. मी सोनाबाई लिहिलं.

मग शेवटच्या पायरीवर दार लिहिलं. बाहेरचा आवाज थांबला.

दहा मिनिटांत फोन वाजला. घरचा होता, खरा. पहिलं त्याने आपलं नाव सांगितलं. इंजिन बंद पडलं होतं, दुसऱ्या होडीने मुरुडला ओढून आणलं होतं, तो एसटीने निघत होता. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी रडले. सासूही रडली. तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्या गालावर, जिथे मारलं होतं तिथे, हात ठेवला. बारा वर्षांत पहिल्यांदा.

"दुखतंय गो?" तिने विचारलं.

मी फोन पालथा ठेवला.

उन्हं कलली तशी ती जवळा गोळा करायला अंगणात गेली. टोपली भरली. मग तिने मान वर केली, दर्याकडे. मला काहीच ऐकू आलं नाही. ती मात्र लहान पोरीसारखी हसली आणि म्हणाली, "आयले... आयले गो..." आणि टोपली काखेत घेऊन चालू लागली.

ओहोटी होती. पाणी फार लांब होतं. मी हाक मारली असती तर ती वळली असती. सून सासूचं नाव घेत नाही हे खरं, पण नुसतं 'आय' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. माझं तोंड उघडलं होतं. पण घरचा एसटीत बसला होता, अजून घरी पोचला नव्हता. तिला परत आणलं तर दर्या कोणाला मागेल, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता. मी उंबऱ्यावर उभी राहून ती गुडघाभर, मग कमरभर होईपर्यंत बघत राहिले.

संध्याकाळी घरच्याने बाहेरून नाव सांगितलं, मी दार उघडलं. त्याने पहिलं विचारलं, "आय कुठं हाय?"

म्हातारी सापडली नाही. टोपली मिळाली, भरतीच्या पाण्यावर तरंगत. आतला जवळा तसाच, कोरडा.

मी खेळाला पुन्हा हात लावला नाही. तेरावं झालं आणि पूनमचा फोन आला. आईच्या आठवणीने ती खूप रडली. फोन ठेवताना म्हणाली, "वहिनी, तू आयच्या नावाने खेळतेस ना रोज? बरं वाटतं गो बघून. सगळ्यांच्या आधी नाव असतंय."

मी तेव्हा खेळ उघडला नाही. आज दुपारी उघडला. घरचा सकाळीच होडीवर गेला. कोडं तेच आहे, लाट ते दार. मधल्या दोन पायऱ्या कोणीतरी आधीच भरून ठेवल्यात.

यादीत दोन ओळी आहेत. वरच्या ओळीत सोनाबाई. खालच्या ओळीत मी काही लिहिलेलं नाही, तरी तिथे नाव आहे. सुचिता नाही. सुचे.

मला सुचे म्हणणारी एकच होती, आणि तिला लिहिता येत नव्हतं.