आम्ही जाऊन आलो

उन्हाळा आला की लोकांना सुट्टी लागते आणि मला काम लागतं. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात मी प्रुफं तपासतो. शाळा उघडायच्या आत सगळी पुस्तकं बांधून बाहेर पडायला हवीत, म्हणजे उन्हाळाभर माझी मान वाकलेली आणि डोळे लाल. भूगोल संपला की व्याकरण, व्याकरण संपलं की दुसरीच्या कविता, ज्यांत दरवर्षी त्याच जागी तोच ऱ्हस्व दीर्घ होऊन बसतो. संध्याकाळी घरी आल्यावर कुणाशी एक वाक्य बोलणंही माझ्या जिवावर येतं. वाक्य म्हटलं की मला त्यातली चूकच आधी दिसते.

माझी बायको शाळेत शिकवते. तिला पूर्ण सुट्टी. वर्षातले जे दिवस ती मोकळी, नेमके तेच दिवस मी मेल्यासारखा. घरात तिसरं माणूस नाही. आई होती तोवर निदान आईशी बोलायच्या निमित्ताने एकमेकांशी बोलणं व्हायचं.

या वर्षी सुट्टीच्या पहिल्याच सकाळी तिने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "अहो, दादाच्या गावात शाळेत जागा निघालीय. येतेस का, विचारतोय. मी सुट्टी संपता संपता कळवते म्हटलंय."

"आणि मी?"

"तुम्ही इथे तरी कुठे असता?"

ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती नुसती दमल्यासारखी बोलत होती, आणि त्याची मला भीती वाटली. मी म्हणालो, दर रविवारी बाहेर जाऊ. शहराच्या आसपास बघायला काय कमी आहे? तिने माझ्याकडे नीट बघितलं. "बसले रडतराऊत घोड्यावर," ती म्हणाली, पण कपाट उघडून कपडे बघायला लागली.

पहिल्या रविवारी आम्ही तळ्यावर गेलो. बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरायचं, बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंतीकडेने चालत जायचं, की एकदम पाणी दिसतं. पायाने चालवायच्या होड्या होत्या, हंसाच्या आकाराच्या, रंग उडालेल्या. काठावर तेलाचा आणि शेवाळाचा वास. रांग लांब होती आणि मला उभ्या उभ्या पेंग यायला लागली. "तू हो पुढे, मी जरा टेकतो," म्हणून मी झाडाखालच्या बाकावर बसलो. टेकलो तो झोपलोच.

जागा झालो तेव्हा ऊन पलीकडच्या काठावर गेलं होतं. ती होडीतून उतरत होती. चेहरा उन्हाने तांबूस, केस विस्कटलेले, कपड्यांवर पाण्याचे शिंतोडे, आणि हसत होती. होडीवाल्याने तिला हात देऊन वर घेतलं. मग तो होडीकडे वळला आणि पुन्हा हात पुढे केला, मागून उतरणाऱ्याला देतात तसा. थोडा वेळ तो हात तसाच राहिला. मग त्याने तो विजारीला पुसला आणि दुसऱ्या होडीकडे गेला.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "किती दिवसांनी मजा आली. आम्ही पार त्या बेटापर्यंत जाऊन आलो."

माझ्या कानाला ते टोचलं. ऐकणाऱ्याला धरून म्हणायचं ते 'आपण', त्याला वगळून म्हणायचं ते 'आम्ही'. चौथीतल्या मुलालाही ते शिकवावं लागत नाही.

"आम्ही म्हणजे कोण?"

"कोण म्हणजे? आपणच!" ती शाळेतल्या मुलाकडे बघावं तशी बघायला लागली. "आज इतके छान बोललात. आता पुन्हा शुद्धलेखन सुरू का?"

टोमणा असेल असं मला वाटलं. मला तो लागूही होता.

पुढच्या रविवारी आनंदमेळा. शहराबाहेरच्या धुळीच्या मैदानात पत्र्याचं कुंपण, कर्णे, जनरेटरचा धूर, आणि मधोमध आकाशपाळणा. पाळण्यात मला चक्कर येते. ती म्हणाली, "बसा तुम्ही, आलेच मी." सरबताच्या टपरीजवळ प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. इतक्या गोंगाटात कुणाला झोप लागेल? मला लागली. त्या महिन्यात मला कुठेही टेकलं तरी झोप लागत होती.

हसण्याच्या आवाजाने जाग आली. वरून कुणीतरी खदखदून हसत होतं. ते हसणं ओळखायला मला थोडा वेळ लागला, कारण ते माझंच होतं. आता मी तसा हसत नाही, लग्नाआधी हसायचो. त्यामागोमाग तिचा आवाज आला.

"अरे, हलवू नकोस ना! पडू आपण!"

लग्नाआधी ती मला अरे-तुरेच करायची. आईसमोर बरं दिसत नाही म्हणून अहो-जाहो सुरू झालं. आई गेली, अहो-जाहो राहिलं.

पाळणा खाली आला. बाकड्यावर ती एकटीच होती. पण अगदी कडेला सरकून बसली होती, शेजारी जागा सोडून. पाळणेवाल्याने दांडी उघडली, तिला उतरवलं आणि मग त्याची नजर खुर्चीतल्या माझ्यावर पडली.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्ही कधी उतरलात?"

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. छापखान्यात बसून मी त्याचा शांतपणे विचार केला. ऊन, जागरण, डोळ्यांवरचा ताण. डॉक्टरांना विचारलं असतं तर म्हणाले असते, झोप पुरी करा. पण झोप तर मी पुरी करतच होतो. घरी मात्र वेगळंच चाललं होतं. ती स्वयंपाक करताना गुणगुणायची, येता-जाता माझ्या खांद्यावर हात ठेवायची, आणि मी वर बघितलं की हात काढून घ्यायची. चुकून दुसऱ्याच्याच खांद्यावर पडल्यासारखा.

मग एका रविवारी मी ठरवलं, आज डोळा लागू द्यायचा नाही.

नदीकाठच्या बागेत बँड वाजणार होता. मी दोनदा चहा घेतला, तोंडावर पाणी मारलं आणि सबंध वेळ तिच्या शेजारी ताठ बसलो. बँड बरा वाजवत होता. लोक टाळ्या वाजवत होते. ती मात्र सारखी फाटकाकडे बघत होती.

"कुणाची वाट बघतेस?"

"कुणाची नाही."

मी बोलायचा प्रयत्न केला. खूप केला. बँडच्या फलकावर एक वेलांटी चुकली होती, ती तिला दाखवली. ती "हो," म्हणाली. पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. शेवटची धून संपायच्या आतच उठली.

घरी आल्यावर तिने स्टुलावर चढून माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली. धूळ पुसून ती बाहेरच्या खोलीत भिंतीशी ठेवली.

"रविवारी दादाला कळवायचंय," ती म्हणाली. "उगाच ओढूनताणून काय करायचं? तुम्हालाही त्रास, मलाही."

त्या आठवड्यात मी पानांवर पानं तपासली आणि त्यातला एक शब्दही डोक्यात शिरला नाही. ती जाणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. तिच्याशिवाय मला कुणीच नाही. तिला थांबवायला काय लागतं तेही मला आता कळलं होतं, आणि ते माझ्याजवळ नव्हतं.

शेवटचा रविवार. सकाळीच ती तयार झाली. भिंतीशी बॅग, अर्धी भरलेली.

"पुन्हा तळ्यावर जाऊ या का? येताय ना?"

मी बूट घालत होतो. एक बूट पायात होता, दुसरा हातात. मी त्या बॅगेकडे बघितलं आणि हातातला बूट खाली ठेवला.

"तू हो पुढे. मी जरा पडतो. येतोच मागून."

रागावेल असं वाटलं होतं. तिचा चेहरा उजळला.

"नक्की येशील?" ती म्हणाली.

येशील म्हणाली. मी मान हलवली.

दार लागलं. मी आतून तिची पावलं ऐकत राहिलो. जिन्याच्या वळणावर ती थांबली. मग पावलं पुन्हा सुरू झाली आणि खाली जाईपर्यंत ऐकू येत राहिली.

ती दोघांची होती.

मी आतल्या खोलीत जाऊन आडवा झालो. झोप वाटच बघत होती.

जाग आली तेव्हा खिडकीत संध्याकाळ होती. बाहेरच्या खोलीत कुलूप उघडलं, दिवा लागला, दाराखाली उजेडाची रेघ आली. ती फोनवर बोलत होती.

"नाही रे दादा, नाही येत. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी सांग... अरे, काही झालं नाहीये. आम्ही इथेच बरे आहोत."

राहिली. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. उठावं, बाहेर जावं, काहीतरी बोलावं, चुकलं तर चुकू दे. पण अंग उचलेना.

बाहेर स्टूल ओढल्याचा आवाज झाला.

"दे, मी ठेवतो वर."

बॅग माळ्यावर सरकली. काहीतरी धप्पकन पडलं, आणि दोघं हसली.

"शू! हळू," ती म्हणाली. "आत झोपलेत."

मग दाराजवळ, अगदी जवळ, माझा आवाज हळूच म्हणाला,

"झोपू दे. दमलेत बिचारे."