सगळ्यांका पुढे ने

रिया, तू सकाळी विचारलंस ना, मी झोपताना तोंडावर ओढणी का बांधते? सांगते. लाइट काही आता लवकर येत नाही. कसाल गावात आपली खोली, इथे जरा वारा सुटला की तारांना निमित्त पुरतं. ती मेणबत्ती वाटीत नीट बसव. आणि गोष्ट ऐकताना हूं हूं करायची सवय असेल, तर आज ती गिळून टाक. मी भित्री नाही, घरी कुणालाही विचार. पण काही गोष्टी रीतीनंच सांगाव्या लागतात.

आमच्या दहावीचा निरोप समारंभ होता. आमचं हायस्कूल आचऱ्याच्या अलीकडे, अगदी खाडीच्या कडेला. त्या दुपारी मला नारळ आणि पानविडा आणायला दुकानात पिटाळलं होतं, कारण गाऱ्हाणं मीच घालणार होते.

तू घाटावरची, तुला गाऱ्हाणं कुठून माहीत असणार! आमच्याकडे लग्न असो, नवी होडी पाण्यात सोडायची असो, एकजण देवासमोर उभा राहून मोठ्यानं मागणं मागतो आणि जमलेले सगळे प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ती नुसती री ओढणं नसते. सगळ्यांनी ‘व्हय’ म्हटलं की मागणं पक्कं झालं. गावचं गाऱ्हाणं माझे थोरले काका घालतात, त्यांना सगळे भाई म्हणतात. त्यांचं ऐकून ऐकून मला सगळं तोंडपाठ. आमच्या शाळेत निरोपाच्या दिवशी दहावीची मुलं एक गमतीचं गाऱ्हाणं घालायची, पण घालायचे ते मुलगेच. मी म्हटलं, आवाज माझा सगळ्यांत मोठा, नाव आजीचं नर्मदा, वर्ग मला ‘आजये’ म्हणून हाक मारतो, मग घालायला मी नको तर कोण? कुणाची हिंमत झाली नाही नाही म्हणायची.

दोन वर्गांमधलं पार्टिशन काढून मोठी खोली केली होती. खिडक्या खाडीकडे उघड्या. ओहोटी लागलेली, त्यामुळे चिखलाचा वास आत येत होता. मागच्या बाकावर शेवंतीकाकू बसली होती, सर्वेशची आई. सर्वेश आमच्याच वर्गातला. आठवीत असताना पावसाळ्यात तो आणि रफीक होडी घेऊन खाडीत गेले आणि होडी उलटली. रफीक कांदळाच्या मुळांना धरून वाचला. सर्वेश मिळालाच नाही. शोधून शोधून लोक दमले, पण तो गेला असं काकूनं कधी मानलं नाही. संध्याकाळी त्याचं ताट वाढायची. तिला बोलवायचंच, असं आम्ही वर्गानं ठरवलं होतं.

मी नारळ हातात घेतला आणि सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा! पाचवीत आमी रडत इलंव, आज हसत भायर पडतंव. गणितान आमका रडवल्यान, छपरान पावसात भिजवल्यान, तरी आमी टिकलंव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“दुसऱ्याच्या डब्यातली सुंगटां खाल्ली, ता पोटात घाल रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सरसुद्धा हसत होते. सर्वांत मोठ्यानं रफीक ओरडत होता.

मग नावं घ्यायची वेळ आली. रीत अशी की, हजर असतील त्यांची नावं घेऊन त्यांचं बरं मागायचं. गेलेल्यांसाठी वेगळं मागायचं, शांती मागायची. मला हे पक्कं ठाऊक होतं. पण माझी नजर काकूवर गेली. ती पदर नीट करून ताठ बसली होती, आपल्या मुलाचं नाव येईल म्हणून. तिच्या तोंडावर मी शांती मागू? की नाव गाळू? मी दोन्हीतलं काहीच केलं नाही, आणि आज ती वेळ आली तरी करणार नाही.

“रफीक आसा, समर्थ आसा, भक्ती आसा, सर्वेश आसा... ह्या सगळ्यांका एकत्र ठेव, वांगडाच पुढे ने रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळा वर्ग म्हणाला. काकूही हात जोडून म्हणाली. ‘वांगडा’ म्हणजे सोबत; जिवंत असल्यासारखं मी सर्वेशलाही सगळ्यांसोबत मागून घेतलं.

आवाज थांबला. आणि मग, जरा उशिरानं, खिडकीच्या बाजूनं आणखी एक आला. “व्हय म्हाराजा...”

बारीक, न फुटलेला. पाचवीतलं कुणी पोर बाहेर उभं असेल म्हणून सगळे हसले. आमच्या वर्गातल्या मुलांचे आवाज एव्हाना फुटून घोगरे झाले होते, तसा बारीक कुणाचाच राहिला नव्हता. रफीक तेवढा हसला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

पुढे अभ्यासाची सुट्टी लागली. एक दिवस तिन्हीसांजेला रफीकची बहीण अकिला धावत आमच्या अंगणात आली.

“आजये, रफीक खाडीर गेलो. रोज जाता. विचारलां तर म्हणता, सर्वेश हाक मारता...”

ज्या मुलानं होडी उलटल्यापासून पाण्यात पाऊल घातलं नव्हतं, तो रोज खाडीवर? मी चुलीवरचा भात तसाच टाकून निघाले. आम्ही पोचलो तेव्हा उजेड जेमतेम उरला होता. रफीक कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. अंगावर शाळेचा युनिफॉर्म.

“रफीक, भायर ये.”

“एकटोच रवलो गो तो...” त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. “तूच सांगलंस, वांगडा ने म्हणान...”

“थयसर कोणी नाय.”

“आयक...”

मी ऐकलं. कांदळांच्या आड चिखलातून कुणीतरी पाय उपसत होतं. एक पाय... मग दुसरा... सावकाश, घाई नसल्यासारखं. आणि वास आला, भिजून कुजलेल्या दप्तराचा. रफीकनं आणखी एक पाऊल पुढे टाकलं. पाणी छातीला लागलं. मला पोहता येत नाही, अकिलालाही नाही. घरून माणसं आणेपर्यंत हा राहिला नसता. मला एकच गोष्ट येते, ती मी केली. ओला हात ओढणीला पुसला, दोन्ही हात जोडले आणि असेल नसेल तेवढा आवाज काढला.

“बा देवा म्हाराजा! सर्वेशाक पुढे जावचां आसा, ता माका मान्य आसा. पण सर्वेशा, रफीकाक सोड. संगत होयी तर माझी घे. माका भिया नाय. मी पुढे जातंय, तू माझ्यावांगडा चल, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” अकिला रडत रडत म्हणाली.

रफीकचे दात वाजत होते.

मग माझ्या मागून, कोरड्या जमिनीवरून, अगदी कानाशी आवाज आला. “व्हय म्हाराजा...”

त्याच क्षणी कुणी हात सोडून द्यावा तसा रफीक पाण्यातच बसला. पाय टेकत होते तिथवर आत शिरून आम्ही दोघींनी त्याला केसांना धरून ओढत बाहेर काढलं. त्यानं परीक्षा दिली, पास झाला. आता देवगडला मासळीच्या धंद्यात आहे, खुशाल होडीवर जातो. मी जिंकले, रिया. त्याचा मला आजही अभिमान आहे.

मीही पास झाले. आणि सर्वेशही झाला असं म्हणायला हरकत नाही, कारण अकरावीत तो माझ्याबरोबर आला. मी मनातल्या मनात म्हणायचे, ‘एवढा पेपर सोपा जाऊ दे,’ की मागून उशिरानं, ‘व्हय म्हाराजा’. पेपर सोपा जायचा. खरं सांगू? मला बरं वाटायचं. सुट्टीत गेले की शेवंतीकाकू विचारायची, “बरो आसा मा?” मी म्हणायचे, “बरो आसा.” तिला तेवढं पुरायचं आणि मलाही.

बारावीत त्याचा आवाज फुटायला लागला. मध्येच जाड, मध्येच बारीक, आमच्या वर्गातल्या मुलांचा नववीत व्हायचा तसा. मी हसलेसुद्धा. मग हळूहळू कळलं. मी मागितलं होतं ना, सगळ्यांना पुढे ने म्हणून? तो पुढे येतोय. मोठा होतोय. आता त्याचा आवाज चांगला बाप्या माणसाचा झालाय.

आणि गेल्या दिवाळीपासून तो ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचा थांबला. आता तो स्वतः गाऱ्हाणं घालतो. मला झोप लागायला आली की पायथ्याशी चिखलाचा वास येतो आणि सुरू होतं... “बा देवा म्हाराजा...” अगदी भाईंच्या चालीवर. आधी शब्द कळायचे नाहीत, आता कळतात. “नर्मदा आसा... वांगडाच ने... खाडयेक ने...” एवढं म्हणतो आणि थांबतो. वाट बघत राहतो.

कळलं का, ओढणी कशाला? लहानपणापासून गाऱ्हाण्याला ‘व्हय’ म्हणत आले, जीभ आपोआप उठते. जागेपणी मी तिला दाबून धरते. झोपेत कोण धरणार? नुसतं ‘हूं’ निघालं तरी ते ‘व्हय’च. अजून एकदाही मी म्हटलेलं नाही, आणि म्हणणार नाही. मी रफीकला सोडवलं, स्वतःला नाही सोडवणार?

हे सगळं तुला सांगितलंही नसतं. पण काल तू शांत झोपली होतीस, आणि तो माझ्या नावाशी थांबला नाही. पुढे म्हणाला, “रिया आसा...”

ही घे, माझी दुसरी ओढणी. गाठ मागून घट्ट मार.